तुमच्या पाठीचे कागद

आक्का, तुमच्या ब्लाउजच्या मापाचे कागद काल काढले. शिलाई मशीनच्या खालच्या खणात होते, जुन्या वर्तमानपत्रांतून कापलेले तीन जोड, दोऱ्याने बांधलेले. तुम्ही म्हणाला असतात, ‘सुमन, काहून जपून ठिवायलीस ती रद्दी? दुकानात पुड्या बांधायला कागद कमी पडायलाय.’ दोनदा तुम्ही ते कागद दुकानातल्या रद्दीत टाकले होते आणि दोन्ही वेळा मी भांडून परत आणले. तुम्हाला समाधी देऊन नऊ दिवस झाले. आता भांडायला घरात कुणी नाही. तुमचा भाऊ भांडणाच्या कामाचा नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि तुम्ही पस्तिशीच्या. माहेरच्यांनी निघताना बजावलं होतं, नणंद थोरली आहे, बिनलग्नाची आहे, पाठीत बाक आहे, तोंडाने तिखट आहे, जपून राहा. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्यापुढे ब्लाउजपीस टाकलंत. ‘तुज्या बापानं सांगितलंय पोरीला शिवणकाम येतं म्हणून. माजं शिवून दाखीव, मंग मानते.’

नांदूरघाटच्या टेलरने तुमच्या पाठीला कधी टेप लावला नव्हता. तो लांबून बघायचा आणि अंदाजाने ढगळ काहीतरी शिवून द्यायचा. मी दार लावून तुमची पाठ पहिल्यांदा पाहिली. उजव्या बाजूच्या फासळ्या फुगून वर आल्या होत्या, डावी बाजू आत गेली होती आणि कणा मधेच वळून पुन्हा माघारी आला होता. माझा हात थांबला. तुम्ही मागे न बघता म्हणालात, ‘बगून झालं आसंल तर माप घे.’

मी पाठीचे दोन भाग वेगवेगळे बेतले. उजवा चार बोटं लांब आणि खोलगट, डावा आखूड. कागदावर ते दोन भाग एकाच बाईचे वाटत नव्हते. पण ब्लाउज अंगात घातल्यावर कुठे चुणी नव्हती. तुम्ही आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिलात आणि मग ‘बरं हाय’ एवढंच म्हणालात. तुमच्या तोंडून ‘बरं हाय’ निघणं म्हणजे काय, हे मला कळायला वर्ष गेलं.

तो पहिला जोड अजून आहे.

मग गावात एकेका घरावर डिश अँटेना दिसू लागल्या, आणि तुम्हाला अपंगांच्या कोट्यातून एसटीडीचा बूथ मिळाला. पिवळी पाटी, काचेचं दार, आत एक स्टूल, बाहेर तुमची खुर्ची. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या पोरांच्या आया फोनवर ओरडायच्या आणि तुम्ही बाहेरून त्यांच्यापेक्षा मोठ्यांदा ओरडायचात, ‘हळू बोल गं, तार हाय, पुण्याला हाळी न्हाई द्यायची!’ पण त्या खुर्चीतच तुमचं दुखणं मला दिसायला लागलं. दुपारनंतर तुम्ही दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रेटून स्वतःला वर उचलून धरायचात, कारण फासळ्या कमरेच्या हाडावर टेकायच्या. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आलात तरी धाप लागायची. बाक वाढत चालला होता. दर सहा महिन्यांनी मला कागदावर अर्धं बोट वाढवावं लागत होतं, ते मी तुम्हाला न सांगता वाढवत होते.

पुण्याला मोठ्या माणसांच्या पाठीचंही ऑपरेशन करतात, हे मी बीडच्या एका डॉक्टरकडून काढून आणलं. मागे लागले ती मीच. तुमचा भाऊ नाही, तुम्ही तर नाहीच.

पुण्याच्या सर्जनांनी लपवालपवी केली नाही, त्याबद्दल मी त्यांना आजही मानते. त्यांनी पांढऱ्या कागदावर कण्याचं चित्र काढलं आणि एकेक सांगत गेले. लहान वयात हे सोपं असतं, मोठेपणी हाडं कडक झालेली असतात, म्हणून धोका जास्त. रक्त खूप जाऊ शकतं. जखमेत पू होऊ शकतो. छातीत कफ भरू शकतो, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. क्वचित पायांची ताकद जाऊ शकते. आणि सगळं नीट झालं तरी हाड जुळलं नाही तर आत घातलेला रॉड काही महिन्यांनी, वर्षांनी तुटू शकतो, मग पुन्हा ऑपरेशन. पाठ पूर्ण सरळ होणार नाही, फुफ्फुसं लहानपणापासून दबलेली आहेत ती नव्याने वाढणार नाहीत. तुमचा भाऊ ऐकता ऐकता पांढरा पडला. तुम्ही मात्र विचारलंत, ‘मला ताठ बसता यील का?’ ते म्हणाले, बरंच. तुम्ही म्हणालात, ‘मग करा.’

बाहेर आल्यावर मी खूश होऊन म्हटलं, आता बूथवर दिवसभर बसा ताठ. तुम्ही हसलात. ‘बूथवर कशाला? समाधीत.’

आपल्या लिंगायतांत माणूस गेला की जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातात त्याचं गळ्यातलं इष्टलिंग देतात, आणि बसल्या बसल्या माती देतात. तुम्ही तेरा वर्षांच्या असताना, बाक नुकता दिसायला लागला तेव्हा, तुमची मोठी काकू ओसरीत कुणाला तरी म्हणाली होती, ‘हिचं लगीन तर ऱ्हाऊ द्या, मेल्यावर हिला बसवायचं कसं? दोरीनं बांदावं लागंल.’ तुम्ही आत जात्यापाशी होतात. पंचवीस वर्षं ते वाक्य तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. ते पुण्याच्या फुटपाथवर, उसाच्या रसाच्या गाड्यापुढे, मला सांगितलंत.

मला इतका राग आला! काकूचा आला, पण जास्त तुमचा. मी भर रस्त्यात म्हटलं, ‘आम्ही तुम्हाला जगायसाठी आणलंय, मरणाची बैठक नीट करायला नाही.’ तुम्ही म्हणालात, ‘तू तुज्यासाठी आण, मी माज्यासाठी आले.’ ते भांडण कधी मिटलंच नाही. नंतर कितीदा निघालं, भाकऱ्या थापताना, वाती वळताना. तुम्ही तुमचं सोडलं नाहीत आणि मी माझं.

ऑपरेशनला नेताना गळ्यातलं लिंग काढावं लागलं. तुम्ही ते माझ्या मुठीत दिलंत आणि मूठ वरून दाबलीत. संध्याकाळी तुम्हाला बाहेर आणेपर्यंत मी ती मूठ उघडली नाही. पाणीसुद्धा डाव्या हाताने प्यायले.

डॉक्टरांच्या यादीतलं आणि यादीबाहेरचंही काहीबाही तुमच्या वाट्याला आलंच. पोट फुगून ढोल झालं, चार दिवस वारा सरला नाही, आणि सरला तेव्हा तुमच्या भावाने वॉर्डात फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले. मांडीवर तळव्याएवढी जागा बधिर झाली ती शेवटपर्यंत तशीच राहिली. जखम एका टोकाला चिघळली, पुन्हा आत नेऊन धुवावी लागली. त्या दिवशी मात्र तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीकडे तोंड करून म्हणालात, ‘सुमन, तू मला कुटं आणून टाकलंस गं.’ मी वॉर्डाबाहेर जाऊन रडले. आणि चौदाव्या दिवशी दोन बाजूंनी दोघींनी धरून तुम्हाला उभं केलं, तर तुमचे डोळे माझ्या डोळ्यांच्या वर होते. इतकी वर्षं तुम्ही माझ्याकडे खालून बघत होता. ‘आगं, तुज्या डोस्क्यात कोंडा झालाय,’ हे तुमचं उभं राहिल्यावरचं पहिलं वाक्य.

आता ते लिहिते जे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही.

घरी पाठवताना सहा महिने घालायला जाकीट दिलं होतं, कडक प्लास्टिकचं, पुढून तीन पट्टे आणि बकलं. झोपण्याशिवाय काढायचं नाही, हाड जुळेपर्यंत पाठ हलू द्यायची नाही. पट्टे चामड्याचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अंघोळ करून, जाकीट चढवून लिंगपूजेला खुर्चीत बसायला निघालात आणि मी अडवलं. लिंगाला चामडं कसं चालेल? माझ्या माहेरी वडील घड्याळाचा पट्टासुद्धा काढून पूजेला बसत. तुम्ही म्हणालात, ‘देवाला कळत न्हाई का, पाठ दुखती म्हून?’ मी म्हटलं, ‘अर्ध्या तासाने काय होतंय?’ आणि माझ्या हाताने तिन्ही बकलं सोडली. खुर्चीही नको म्हटलं, पाटावर मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर लिंग आणि मान खाली. सहा महिने रोज. मला वाटत होतं, मी तुमचं भलंच करते आहे, देव आणि डॉक्टर दोघांनाही सांभाळते आहे.

ऑपरेशननंतर मी दुसरा जोड कापला होता. उजवा-डावा फरक दीड बोटावर आला होता. पुढल्या संक्रांतीला त्याच कागदावरून शिवलेला ब्लाउज तुम्ही घातलात आणि मला मागून दिसलं, उजवी कड वर चढली आहे. तुम्ही म्हणालात, कापड आटलं असेल. मी म्हटलं, टेरिकॉट आटत नाही. तुम्ही पदर पाठीवरून ओढून घेतलात. महिन्याभराने बूथच्या खुर्चीतून उठताना तुम्हाला पाठीत कट् असा आवाज आला. एक्स-रेच्या फोटोत रॉड मधोमध तुटलेला दिसत होता.

सर्जनांनी विचारलं, ‘जाकीट कायम घालत होता ना?’ मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, ‘व्हय तर. झोपताना सोडलं तर कदी काडलं न्हाई. इचारा हिला.’ आणि माझ्याकडे बघितलंत. मी मान हलवली. ते म्हणाले, मोठ्या माणसांत कधी कधी हाड जुळतच नाही, सगळं पाळूनही, कुणाची चूक नसते. त्यांनी आम्हाला बरं वाटावं म्हणून ते म्हटलं नव्हतं, ते त्यांनी ऑपरेशनच्या आधीही सांगितलं होतं. कदाचित चामडं न सोडताही रॉड तुटला असता. पण सगळं पाळलं नव्हतं, आक्का. ते तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. माझ्या घरात शिलाई मशीन होतं. बाजेची जाड सुती नवार पडली होती. चामडं काढून नवारीचे पट्टे शिवायला मला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास मला सुचला नाही, रोजचा अर्धा तास सुचला.

दुसऱ्या ऑपरेशननंतर मी तिसरा जोड कापला, आणि जाकिटाचे पट्टे शिवले. पांढरी नवार, दुहेरी शिलाई. तुम्ही बोट फिरवून बघितलंत आणि म्हणालात, ‘बरं हाय.’ एक शब्द जास्त नाही. मी वाट बघत होते, तुम्ही कधीतरी भांडणात काढाल, निदान टोमणा माराल. तुम्ही भाकरी करपली तरी मला चार दिवस सुनावायचात, पण हे कधी काढलं नाहीत. मला त्याचाही राग यायचा. एकदा ओरडला असतात तर मी मोकळी झाले असते.

आणि या वेळी हाड जुळलं. केवढी वर्षं मिळाली आपल्याला! तुम्ही वाकू शकत नव्हता, खाली पडलेला चमचा मला उचलून द्यावा लागायचा आणि तो तुम्ही मुद्दाम पाडता असा माझा संशय होता. पण तुम्ही पायऱ्या चढून माडीवर जाऊन पापड वाळत घालायला लागलात. पालीच्या धरणावर एसटीने जाऊन आलात आणि काठावर दोन तास ताठ बसून भेळ खाल्लीत. तुमच्या आत्याची पोरं चिडवायची, ‘आक्का, आता सरळ झालात, सरकार बूथ काडून घील!’ तुम्ही म्हणायचात, ‘घिऊ द्या की, मोबाइल आल्यावर त्याला इचारतंय कोन?’

लोक तुमच्याकडे विचारायला यायला लागले. पाठ वाकलेली बाई, कुणाचा बाप, कुणाची बहीण. तुमची एक रीत होती. आधी सगळं वाईट सांगायचं, पू, पोट, बधिर मांडी, तुटलेला रॉड, एकही न गाळता. ऐकणारा रडकुंडीला आला की मग खुर्चीच्या दांड्यांना हात न लावता उठायचं आणि पाठ फिरवून उभं राहायचं. पुढे काही बोलायचं नाही. मी काचेच्या दारातून बघायचे आणि रॉडपाशी मान फिरवायचे, कारण तो कसा तुटला ते सांगताना तुम्ही दर वेळी म्हणायचात, ‘हाड जुळलं न्हाई, नशीब.’

छातीतल्या कफाने तुम्हाला पाच दिवसांत नेलं. बीडचे डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं जुनीच कमकुवत, ऑपरेशन झालं नसतं तर इतकी वर्षं निघाली नसती. मी ते वाक्य तीनदा त्यांच्याकडून म्हणून घेतलं.

मग घरी तुम्हाला अंघोळ घातली, भस्म लावलं, तिसऱ्या कागदावरचा हिरवा ब्लाउज घातला. मांडी घातली, डाव्या हातात लिंग दिलं आणि भिंतीपाशी बसवलं. चुलत दीर शंकरअप्पा दोरी घेऊन आले. प्रत्येकालाच बांधावं लागतं, मान पडते, अंग एका बाजूला कलंडतं. त्यांनी दोरी उलगडली आणि थांबले. तुम्ही हालत नव्हता. पाठ भिंतीला टेकलेलीसुद्धा नव्हती, दोन बोटं पुढेच होती. फक्त मानेखाली आम्ही एक कापडाची गुंडाळी दिली. शंकरअप्पा दोरी गुंडाळत म्हणाले, ‘आक्का बसल्यात बगा, सोताच.’ आक्का, मी रडता रडता हसले. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्या भांडणात तुम्ही जिंकलात, हे मला कुणाला समजावून सांगता येईना.

पण अर्धंच जिंकलात. कारण ज्या दिवसासाठी तुम्ही पाठ नीट करून घेतलीत तो एकच दिवस होता, आणि त्याआधीचे सगळे दिवस माझे होते. पापडांचे, भेळेचे, मुद्दाम पाडलेल्या चमच्यांचे. आता म्हणा काय म्हणायचं ते.

काल दुपारी लिंबागणेशहून एक बाई आली. रुक्मिण नाव, शेतकरी घरातली, चाळिशीला आलेली. पाठ तुमच्यासारखीच, उजवीकडे. तुम्ही गेल्याचं तिला माहीतच नव्हतं. बूथपाशी येऊन म्हणाली, ‘ऑपरेशन झालेल्या आक्का कुटं हायेत?’ सांगितल्यावर मटकन पायरीवर बसली. मला वाटलं, पाणी पाजून पाठवून द्यावं. मग तुमची खुर्ची दिसली.

मी तुमच्या रीतीने सगळं वाईट आधी सांगितलं. पू, पोट, मांडी, रॉड. आणि रॉडपाशी आल्यावर माझ्या तोंडून ‘नशीब’ निघेना. मी तिला जाकिटाचं सांगितलं. चामड्याचे पट्टे, माझं माहेर, रोजचा अर्धा तास, तुम्ही डॉक्टरांना काय सांगितलंत ते. पहिल्यांदा बोलले, आणि तेही एका परक्या बाईपुढे. बोलताना हुंदका आला, थांबला नाही, मी तसंच बोलत राहिले. ती ऐकून म्हणाली, ‘त्यांनी तुमाला झाकलं की ओ.’ मी म्हटलं, ‘हो. झाकलं.’

आता उठून पाठ दाखवायची वेळ होती, आणि ती पाठ माझ्याकडे नव्हती. म्हणून मी मशीनच्या खणातले कागद आणले, तीनही जोड फरशीवर पसरले. पहिल्या जोडाचे दोन भाग एकावर एक ठेवले, चार बोटं फरक. दुसऱ्याचे ठेवले. तिसऱ्याचे ठेवले, तर एका बोटाचाही फरक उरला नव्हता. ती वाकून कागदावर हात फिरवत राहिली. मग मी तिला तुमच्या काकूचं बोलणं सांगितलं, आणि शंकरअप्पांची दोरी सांगितली.

कागदावरचा हात न उचलता ती म्हणाली, ‘पुण्याच्या डाक्टरला मी बी सगळं इचारीन, मगच ठरवीन.’ मी म्हटलं, तसंच करा. ती उठली, दार लोटलं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

‘पर आदी माजं माप घिऊन ठिवा, बाई. नंतर किती फरक पडतो ते बगू. आन् आमच्यात चामड्याचं एवडं न्हाई, तरी माजे पट्टे आदीच नवारीचे शिवा.’

मी गळ्यातला टेप काढला आणि फरशीवर चौथा कागद अंथरला.